ओवाळणीतली ऐनाची झाडं

मळणी उरकली की पौषात माझा भाऊ तांदळाची गोणी घेऊन शहापूरला येतो. माझं लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. मुरबाडहून एसटीने येतो, स्टँडवरून गोणी रिक्षात घालतो, माझ्याकडे चहा पितो, भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा बघतो आणि परतीच्या गाडीला निघतो. जेवून जा म्हटलं तर गुरांचं कारण सांगतो. गोणीचं तोंड तो स्वतः दाभणाने शिवतो आणि टोकाला सुतळीचा एक कान ठेवतो. तो कान ओढला की सगळी शिवण सरसर सुटते. गेल्या पौषातही गोणी आली. टाके त्याचेच होते, कानही होता. दुसऱ्या दिवशी मी भात लावला, झाकण काढलं आणि वास आलाच नाही. शितं लांब, पांढरीशुभ्र, दुकानात पाटी लावून ठेवतात त्या तांदळासारखी. हा आमच्या शेतातला तांदूळ नव्हता. दादाने तो विकत आणला होता, घरच्या जुन्या गोणीत भरला होता आणि आपल्या हाताने शिवून मला दिला होता.

मी ताटावर नुसती बसून राहिले. भात गार झाला. दादाच्या शेतात त्या वर्षी तांदूळ का पिकला नाही, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो मी पिकू दिला नव्हता.

मी शहापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. माहेर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावापासून चालत तासाभरावर. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. मी दोन्ही सुरू केलं, कारण मला कुठलीच गोष्ट अर्धी करता येत नाही. माझ्यासारखेच आणखी सहा जण भेटले आणि आमचा गट जमला. दर रविवारी निघायचो. हायवेवर ट्रक अंगाला घासून जायचे, म्हणून आतल्या वाटा धुंडाळू लागलो आणि एक दिवस मला बैलांची वाट आठवली.

माझ्या लहानपणी खर्डीकडचे शेतकरी म्हशाच्या जत्रेला बैल चालवत आणायचे. वाटेत दोन मुक्काम करायचे. ती वाट आमच्या शेताच्या कडेने जाते. लांबून घुंगरमाळा ऐकू आल्या की आम्ही पोरं बांधावर जाऊन बसायचो आणि कोणाचा बैल देखणा यावर भांडायचो. आता बैल टेम्पोतून जातात. वाट मात्र राहिली आहे. शाळेची पोरं, मोळीवाल्या बायका आणि गुरं तिच्यावरून जातात. खर्डी स्टेशनला उतरावं आणि पायी किंवा सायकलने, शेतांतून, रानातून, ओढे ओलांडत म्हशाला पोचावं, अशी ती वाट नीट करता आली तर? हा विचार माझ्या डोक्यात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. मी वहीच्या वह्या भरल्या. कुठे उतार धुपतो, कुठे चिखल होतो, कुठे बसायला ओटा हवा. सगळ्यात आधी आमच्या गावच्या ओढ्यावर साकव हवा, कारण पावसाळ्यात शाळेची पोरं तिथून दप्तर डोक्यावर घेऊन उतरतात.

वाट सापडणं सोपं होतं. वाटेसाठी पैसा सापडणं हे दुसरंच काम निघालं. पंचायतीत गेले तर सरपंचबाई हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, वाट हायच की. लोका रोज चालतात. चालायला पैसं कशाला लागतात?" तालुक्याच्या ठिकाणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेले. पुढच्या आराखड्यात बघू, असं इतक्या गोड आवाजात सांगण्यात आलं की पहिल्यांदा मला ते काम झाल्यासारखंच वाटलं. दोन वर्षं अशी गेली. शेवटी मुंबईतल्या एका कंपनीच्या संस्थेने आमच्या प्रस्तावाचं उत्तर दिलं. समाजकार्यासाठी बाजूला काढलेला पैसा त्यांना कुठेतरी घालायचाच होता. वाट बघायला त्यांचे एक अधिकारी माघात आले.

चांगले गृहस्थ होते. टोपी घालून, न कुरकुरता चालत होते, ओढ्यात बूट काढून उतरले. आमच्या शेताच्या वळणावर आल्यावर मात्र थबकले. वाटेच्या दोन्ही अंगांना आमचे अकरा ऐन आहेत. त्या आठवड्यातच दादाने ते तोडले होते. प्रत्येक झाडाच्या बाजूच्या फांद्या छाटलेल्या, शेंड्याला तेवढा पानांचा झुबका ठेवलेला. बुंधे उघडे, खांबांसारखे. अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे काय झालंय या झाडांना? कोणी केलं हे?"

याचं उत्तर मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला फळ्यावर चित्र काढून शिकवते. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची, त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाची पानांसकट छाटलेली टहाळी, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर माती, आणि उन्हाळ्यात वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवून हळूहळू भाजू द्यायचं. त्याला राब म्हणतात. त्या धगीने तणाचं बी मरतं, राखेने रोप जोमाने उठतं. झाडाचा शेंडा ठेवायचा म्हणजे ते पावसात पुन्हा फुटतं. आमचे ऐन माझ्या आजोबांच्याही आधीपासून असे दर वर्षी तोडले जातात आणि दर वर्षी फुटतात. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

पण मला लाज वाटली. दोन वर्षं हेलपाटे घालून दारात आलेला माणूस नाक मुरडतोय, हे दिसलं आणि माझी जीभ फिरली. मी म्हणाले, "लोकांना अजून जाण नाही, सर. आम्ही त्यांचं प्रबोधन करू."

लोक म्हणजे माझा दादा. तो पलीकडच्या बांधावर टहाळाचे भारे बांधत होता. त्याला ऐकू गेलं की नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो हात झटकत आला, अधिकाऱ्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "लांबून आलाव. पाणी पाजू का?"

अधिकारी पाणी पिऊन गेले. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. वाट आवडली होती. मात्र वाटेवर सावली हवी, झाडांचं जतन व्हायला हवं, ते दिसलं की पहिला टप्पा मंजूर करू, असं लिहिलं होतं. पुढच्या फाल्गुनात पुन्हा येऊन बघणार होते. त्या वेळी ऐन तोडलेले असून चालणार नव्हतं.

दादाला सरळ सांगितलं असतं तर त्याला वाद घालता आला असता. तो नाही म्हणाला असता, मी चिडले असते, वहिनीने मध्ये पडून काहीतरी तोड काढली असती. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी सरळ सांगितलं नाही. मी भाऊबीजेपर्यंत थांबले. इतकी वर्षं वर्गात पोरांच्या लबाड्या पकडल्या, पण त्यातल्या एकाही पोराला ही सुचली नसती.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. दादा पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला. मी म्हटलं, "पैसे नकोत. यंदा मी मागीन ते दे."

"मांग की," तो हसून म्हणाला. "गाय मांगतेस का म्हस?"

"वाटेवरचे ऐन यंदा तोडू नकोस. ते माझी ओवाळणी."

चुलीपाशी वहिनी करंज्या तळत होती. तिचा झारा थांबला. "वन्सं, मंग राबाला काय घालायचा?" एवढंच ती बोलली.

"तू गप बस," दादा तिला म्हणाला. "भन मांगते हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दिली. ती झाडा तुझी." आणि ताटात सुपारी ठेवून उठला.

आमच्याकडे भाऊबीजेला बहीण मागेल ते नाही म्हणत नाहीत, आणि शहाणी बहीण नाही म्हणावं लागेल असं मागत नाही. मला हे दोन्ही माहीत होतं. तरी परतीच्या एसटीत मी खुशीत होते. खिडकीतून ऐन दिसले, हिरवेगार, आणि मी मनातल्या मनात त्यांचा फोटो प्रस्तावाच्या पहिल्या पानावर चिकटवला.

फाल्गुनात अधिकारी आले. ऐनांच्या फांद्यांवर निम्मीशी पानं अजून होती. खाली सावली होती. त्यांनी खूप फोटो काढले. पहिला टप्पा मंजूर झाला. उन्हाळ्यात वाट समतल झाली, दोन ठिकाणी दगडी ओटे बांधले, वळणांवर लोखंडी पाट्या लागल्या. सगळ्यात मोठी पाटी आमच्या सगळ्यात मोठ्या ऐनाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, चार खिळ्यांनी ठोकली. तिच्यावरचा मजकूर मी लिहिला होता. 'या वाटेची सावली जपा. फांदी तोडू नका.' साकव दुसऱ्या टप्प्यात घ्यायचं ठरलं. मला तो पहिल्यात हवा होता, पण म्हणाले, पाट्या आधी लागल्या की लोकांना काम दिसतं.

त्या उन्हाळ्यात दादाचा राब कसा झाला ते मी पाहिलं. नाही पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण पाट्या लावायला मी स्वतः तिथे होते. राबाचा तुकडा शेताच्या कोपऱ्यावर आहे. त्याच्यावर शेण होतं, थोडा पेंढा होता, वहिनीने डोक्यावरून आणलेला पातेरा होता. टहाळ नव्हता. दुसऱ्याच्या ऐनाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. ज्याची त्याची झाडं ठरलेली असतात, आणि रानातली तोडली तर वनखात्याचा माणूस दारात येतो. दादाने तो राब पेटवला तेव्हा तो भरभर जळला. एरवी सकाळी लावलेला विस्तव संध्याकाळपर्यंत आतल्या आत चालत राहतो. हा दुपारच्या आत विझला. दादा काठीने राख उकरत होता. खालची माती भाजलीच नव्हती.

मी म्हटलं, "मी खत पाठवते." आणि खरंच एक गोणी पाठवली. माझ्या मनाचं समाधान झालं.

पाऊस आला, रोपं आली, आणि रोपांच्या आधी तण आलं. खताने तणही तरारलं. आषाढात मी गेले तेव्हा वहिनी आणि दादा वाकून एकेक काडी निवडत होते. रोपं पिवळी, वीतभरसुद्धा नाहीत, उपटायला धरली की तुटायची. बाजूच्या शेतांत रोपं लावायची आवणी सुरू झाली होती. चिखलात बायकांच्या रांगा वाकलेल्या, रोपांच्या मुठी हातोहात जात होत्या. आमच्या शेतात नुसतं पाणी तुंबलेलं होतं.

आमच्याकडे ज्याची रोपं कमी पडतात त्याला दुसऱ्याची उरलेली रोपं मिळतात. कोणी मोबदला घेत नाही. पण उरतात कधी, तर सगळ्यांची आवणी संपल्यावर. तोवर बांधावर उभं राहून वाट बघावी लागते. दर वर्षी दादाच्या बांधावर असं कोणी ना कोणी येऊन उभं राहायचं आणि दादा त्याला, "घेऊन जा, घेऊन जा," म्हणायचा. त्या वर्षी दादा दुसऱ्यांच्या बांधावर उभा राहिला. मी त्याला लांबून पाहिलं. डोक्यावर इरलं, हात मागे बांधलेले, लावणाऱ्या बायकांकडे न बघता तो पाण्याकडे बघत होता. शेजारचा म्हातारा त्याला म्हणाला, "तुज्या राबाला काय झालं रे? तुजा राब तर गावात नंबर वन."

"यंदा जमला नाय," दादा म्हणाला. माझं नाव काढलं नाही.

श्रावण अर्धा सरल्यावर रोपं मिळाली. निम्मं शेत लागलं, निम्मं तसंच राहिलं. उशिरा लागलेलं पीक उशिराच भरतं, आणि ते भरायच्या आत पाणी ओसरलं. हे सगळं मला दिसत होतं. पण माणूस स्वतःला सांगायला कारणं शोधतो. यंदा पाऊसच तसा झाला, असं मी स्वतःला सांगितलं. भाऊबीजेला गेले तेव्हा दादाने पाटावर बसून विचारलं, "यंदा काय पायजे?" मी हसून म्हटलं, "काही नको." त्याने ताटात नोट ठेवली. जेवताना वहिनीने मला भात वाढला आणि स्वतः नाचणीची भाकरी घेतली. मी विचारलं तर म्हणाली, पोट जड आहे. मी विश्वास ठेवला, कारण तेवढं सोयीचं होतं.

आणि पौषात गोणी आली.

त्या गार भाताच्या ताटावर बसून मी हिशेब नाही केला, मी फक्त आठवलं. नाचणीची भाकरी आठवली. दादाने घड्याळाकडे दोनदा बघितलं होतं ते आठवलं. घरात दाणा नसताना बहिणीची गोणी चुकू नये म्हणून तो बाजारात जाऊन, चारचौघांत उभं राहून, तांदूळ विकत घेतो आणि घरी आणून जुन्या गोणीत ओततो, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मला त्याचा रागही आला. मला सांगायचं होतं ना! भांडायचं होतं! पण मी मागितलं होतं पाटावर बसवून, ओवाळून. भांडायची जागा मीच ठेवली नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुरबाडची एसटी धरली. वाटेवर पोचले तेव्हा ऐन तसेच होते, फांद्या पसरलेल्या. पानं पिकायला लागली होती. अजून पंधरा-वीस दिवसांत गळायला लागली असती आणि मग टहाळ म्हणून काही उपयोग राहिला नसता. गावात इतरांची झाडं तोडून होत आली होती. दादा झाडाखाली वाकून पातेरा गोळा करत होता. टोपलीत भरत होता.

"दादा, झाडं अजून का तोडली नाहीस?"

तो सरळ झाला. "ती तुझी हायत ना."

"मी गेल्या वर्षापुरतं म्हटलं होतं. यंदा म्हणजे त्या वर्षी."

"असं कुठं आसतं गो?" तो म्हणाला. रागाने नाही, मला काहीतरी साधं समजत नाही म्हणून समजावून सांगावं तसं. "भनीला दिलेला परत घेतात का? गाय दिली आसती तर वर्साने सोडून नेली आसती का मी?"

"मग मी तुला परत देते. घे."

"भाऊ देतो, भन घेते. उलटा नाय होत."

मी बोलून बघितलं, चिडून बघितलं, शेवटी रडलेसुद्धा. तो टोपली उचलून राबाकडे चालू लागला. हट्टी नाही तो. त्याने दिलं होतं, एवढंच. आणि मी जे मागितलं होतं ते एका फाल्गुनापुरतं नव्हतं, कायमचं होतं, हे मला वर्षभराने कळत होतं. असंच चालू राहिलं असतं तर दर वर्षी पातळ राब, पिवळी रोपं, दुसऱ्याचा बांध, आणि दर पौषात विकत आणून शिवलेली गोणी. तो जिवंत असेपर्यंत.

घर शेताला लागूनच आहे. वहिनी घराच्या ओट्यावर उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि कोयता घेऊन आली. माझ्या हातात दिला. दादाचा एक जुना सदरा माझ्या खांद्यावर टाकला. "तुमची झाडा हायत तर तुमीच तोडा, वन्सं," ती म्हणाली. "त्याला हात लावायला लावू नका. एवढा करा आमच्यासाठी."

इतक्या वर्षांत वहिनीने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी चढले. लहानपणी दादा वर चढायचा आणि मी खाली भारे बांधायचे. आता उलटं झालं. पहिल्या झाडावर कोयता फांदीवर न बसता सालीवर घसरत होता. खालून दादा बोलायला लागला. आधी नुसतं, "सांभाळून गो." मग, "खालच्या अंगाने घाव घाल आधी, नायतर साल सोलून निघल." मग, "शेंड्याला हात लावू नको." संध्याकाळपर्यंत दोन झाडं झाली. रविवारी तीन. हाताला फोड आले. सोमवारी वर्गात खडू धरवेना. उरलेल्या सहांसाठी पुढच्या शनिवारी पुन्हा गेले.

दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ झाडं झाली होती. नवव्या झाडावरून उतरायच्या आधी एक उरलेली फांदी तोडत होते, तेवढ्यात वाटेवरून सायकली आल्या. तिघं जण, हेल्मेट, रंगीत कपडे. आमच्याच पाट्या बघत, आमच्याच वाटेने आलेले. इतकी वर्षं मी ज्यांची स्वप्नं बघितली ती हीच माणसं. त्यांना बघून मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू.

त्यांच्यातली एक मुलगी सायकल थांबवून ओरडली, "ओ मावशी! काय करताय? खाली उतरा आधी!" तिने शेजारच्या मोठ्या ऐनावरची पाटी मला मोठ्याने वाचून दाखवली. 'या वाटेची सावली जपा. फांदी तोडू नका.' मग म्हणाली, "वाचता येतं ना तुम्हाला?" तिच्याबरोबरच्या मुलाने मोबाइल वर धरला होता.

मी अंगात दादाचा सदरा घातला होता, केसांत पानं होती, हातात कोयता. मी फांदीवर बसूनच त्यांना राब समजावला. वर्गातल्या आवाजात, पायरी पायरीने. शेण, टहाळी, पातेरा, माती, धग, रोप. शेंडा का ठेवतात तेही सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्या अधिकाऱ्यांना जे सांगायला हवं होतं ते शब्दही न गाळता सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग ती आपल्या मित्राकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "यांना जाणच नाही रे. कोणीतरी प्रबोधन करायला हवं."

मला ते ऐकू आलं. म्हणजे त्या दिवशी दादालाही ऐकू गेलं असणार. तिथपासून बांध जवळच आहे.

दादा भारा खाली ठेवून उठला. हात झटकले. "लांबून आलाव," तो त्यांना म्हणाला. "पाणी पाजू का?"

ते पाणी प्यायले, बाटल्या भरून घेतल्या आणि गेले. तो व्हिडिओ दोन दिवसांत संस्थेपर्यंत पोचला. दुसरा टप्पा थांबवला आहे. आमच्या गटातले तिघं माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. साकव राहिला. येत्या पावसातही पोरं दप्तर डोक्यावर घेऊन ओढ्यात उतरतील, आणि ते पाहायला मी तिथे असेन. संस्थेला मी लांबलचक पत्र लिहिलं आहे. राब म्हणजे काय ते सांगितलं आहे, पहिल्या दिवशी मी काय बोलले होते तेही सांगितलं आहे. उत्तर अजून नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी सायकली वळणाआड गेल्यावर दादाने तांब्या उपडा घातला आणि वर बघितलं.

"दोन रायली गो," तो म्हणाला. "पलीकडचा आन् ह्यो पाटीवाला. पुढच्या पौषात लवकर ये. पान पिकायच्या आत. तुझीच हायत, तुलाच यायला लागल."

पलीकडचं झाड दुपारपर्यंत झालं. पाटीवाल्या ऐनाला खाली धरायला एकही फांदी नव्हती. मी दोनदा चढायचा प्रयत्न केला, दोनदा घसरले. मग मी चप्पल काढली, पाटीच्या वरच्या कडेवर पाय ठेवला आणि चढले.